संगप्पा मापाड्याची रजा

मापाड्याचा धंदा हाताचा नसतो, तोंडाचा असतो. लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ज्यानं दोन दिवस काढले असतील त्याला हे सांगावं लागत नाही. शेतकऱ्यानं गाडीतून तूर आणून अडतीपुढं ओतली की मापाडी खाली बसतो, माप भरतो, रितं करतो आणि मोठ्यानं आकडा म्हणतो. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन... असं चालतं. तो आकडा शेतकऱ्यानं मानायचा आणि अडत्यानंही मानायचा. मापाड्याचं तोंड खोटं ठरलं की त्याचं माप खोटं, आणि माप खोटं ठरलं की त्यानं घरी जाऊन गोवऱ्या थापाव्यात.

संगप्पाच्या तोंडून गेलेला आकडा कुणी कधी फिरून मोजायला लावला नव्हता. त्याचा बाप मापाडी, आजा मापाडी. असल्या माणसाला अख्ख्या गावानं खोटारडा ठरवलं, आणि कशापायी? तर चेंडूपायी! वारा भरलेल्या कातड्याच्या चेंडूपायी! आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

निजामाचं राज्य होतं. तिकडं जगात लढाई पेटलेली, इकडं रॉकेल मिळेना, कापड मिळेना. पण लातूरच्या तरण्या पोरांना फुटबॉलचं खूळ लागलं होतं. हैदराबादेहून बदलून आलेल्या साहेबलोकांनी हा खेळ आणला आणि बघता बघता सिद्धेश्वराच्या देवळाकडचा माळ संध्याकाळी माणसांनी फुलायला लागला. गंजातल्या व्यापाऱ्यांनी मग क्लबच काढला. अध्यक्ष झाले ईश्वरप्पा अण्णा. गंजातली सगळ्यात मोठी अडत त्यांची, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, मांडीखाली कायम गादी. आणि फुटबॉलचं ज्ञान म्हणाल तर चेंडू गोल असतो इथवर. चिटणीस झाले माधवराव वकील. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि माधवरावांचं उर्दू असं की मुसलमान कारकुनांनीही त्यांना शब्द विचारावा. गावाचं कुठलंही सरकारी काम अडलं की माणूस वकीलसाहेबांची पायरी चढायचा. गावाचा जीव होता त्यांच्यावर. तोच तर नडला.

आणि क्लबाचा जीव होता संगप्पा. दिवसभर उकिडवं बसून माप ओढणारा हा गडी संध्याकाळी धोतराचा काचा मारून, अनवाणी माळावर उतरला की वेगळाच दिसायचा. चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा चालायचा. त्यानं पहिला गोल मारला की लातूरकर 'एक' म्हणत नसत. सगळा गंज एकदम ओरडायचा, "लाभ!" समोरच्या गावाला कळायचंच नाही की हे लोक गोल मोजतायत का तूर.

त्या वर्षी दसऱ्यानंतर अण्णांच्या डोक्यात बूट शिरले. हैदराबादचे खेळाडू बूट घालतात, मग लातूरनं काय घोडं मारलंय? त्यांनी सोलापुराहून बूट मागवले. बार्शी लाईट रेल्वेच्या गाडीनं पेटी आली, तिची पूजा झाली, नारळ फुटला. तळाला कातड्याचे जाड खुंट असलेले ते बूट संगप्पाच्या पायात अण्णांनी स्वतःच्या हातानं घातले आणि बजावलं, "चिखल लागू देऊ नको. जिवापेक्षा जप."

संगप्पानं जिवापेक्षा जपले, पण त्याला खेळता येईना. निलंग्याला हरले, औशाला हरले. बूट घातलेला संगप्पा म्हणजे मोजडीत अडकलेलं मांजर. उदगीरच्या सामन्यात अर्धा खेळ झाला तेव्हा लातूरवर दोन गोल चढले होते. आदल्या दिवशी पाऊस पडलेला, सगळीकडं राडा. संगप्पानं बूट काढले, धोतराच्या सोग्यानं पुसून लख्ख केले आणि आता ठेवावे कुठं म्हणून इकडंतिकडं बघितलं. कोरडी, स्वच्छ, मऊ अशी एकच जागा त्याला दिसली. अध्यक्षांची खुर्ची. अण्णा साहेबलोकांबरोबर सरबत प्यायला उठले होते. संगप्पानं खुर्चीतल्या गादीवर बूट अगदी जोडीनं, देव ठेवावेत तसे ठेवले आणि अनवाणी मैदानात पळाला.

अण्णा बोलत बोलत परत आले आणि न बघता बसले.

काय उडाले हो! उदगीरकर हसले, लातूरकर हसले, साहेब तर रुमाल तोंडात घालून हसले. अण्णा एका हातानं मागची बाजू चोळतायत, दुसऱ्या हातात बूट, आणि तिकडं संगप्पानं एकामागून एक तीन गोल मारून सामना जिंकलेला. जिंकलेल्या क्लबाच्या अध्यक्षाला कुणी हार घालेना, जो तो पोट धरून बसलेला.

संध्याकाळी संगप्पानं अण्णांचे पाय धरले. "अण्णा, मी मुद्दाम न्हाई केलं. तुमीच म्हनलाव न्हवं, बूट जप म्हून."

"अध्यक्षाच्या खुर्चीवर पायताण ठेवतोस? लई शाना झालास तू." अण्णांनी पाय ओढून घेतले.

हा सगळा झगडा इथून सुरू झाला. लोक म्हणतात, क्लबात मोठमोठी कारणं होती. काही मोठी कारणं नव्हती! अण्णांच्या बुडाला बूट टोचले, एवढंच कारण. पुढच्या सामन्यात अण्णांचा पुतण्या मन्मथ मधोमध खेळायला उभा राहिला आणि संगप्पाला पार कडेला ढकललं. मन्मथ दिसायला राजबिंडा. पण चेंडू त्याच्याकडं आला की हा डोळे मिटायचा. अहमदपूरला क्लब हरला तेव्हा लातूरच्याच लोकांनी मन्मथवर ढेकळं फेकली आणि "संगप्पा, संगप्पा" म्हणून माळ डोक्यावर घेतला. अण्णांना संगप्पा नको होता आणि गावाला संगप्पाशिवाय कुणी नको होतं. उघड काढावा तर लोक गंजात जगू देणार नाहीत. म्हणजे तो आपण होऊन गेला पाहिजे.

तुरीच्या हंगामात नांदेडला मोठे सामने ठरले. हंगामात मापाड्याला कोण सोडतो? संगप्पा रोज सकाळी मालकाच्या, शरणप्पांच्या पुढं उभा राहायचा. "मालक, रजा द्या." शरणप्पा मान हलवायचे. "तूर कोण मोजंल, तुझा फुटबॉल?" शेवटी संगप्पानं चुलतभावाला बदली म्हणून आणून बसवलं, तेव्हा कुठं मालक म्हणाले, "जा बाबा. दिली रजा." संगप्पाला आभाळ ठेंगणं झालं. बायकोला, गंगम्माला त्यानं दारातूनच ओरडून सांगितलं, "रजा भेटली गं!" नांदेडला जाणारी, कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार अहमदपूरला कोळसा भरायला थांबली तर त्यानं तिथल्या चहावाल्यालाही सांगितलं. सगळ्या वाटेवर त्याच्या तोंडी तोच शब्द. माधवराव वकील शेजारच्या बाकावरच बसले होते. ऐकत होते.

नांदेडच्या सामन्यांचा एक नियम होता. सामने सुरू व्हायच्या आधी एखाद्याला दुसऱ्या क्लबाकडून खेळायचं असलं तर पंचांनी सगळ्यांसमोर त्याची मर्जी विचारायची. त्याच्या क्लबाची हरकत नसली की झालं. नांदेडच्या क्लबाचा कप्तान होता किशनराव, सरळ माणूस. त्याचा मधला गडी पाय मोडून बसला होता. त्यानं माधवरावांना सहज विचारलं, "एखादा जादा गडी आहे का तुमच्याकडं?" माधवराव म्हणाले, "संगप्पा यायला तयार आहे. आमची हरकत नाही." अण्णा शेजारी पान जमवत होते. त्यांनी मान डोलावली. संगप्पाला यातलं काडीचं ठाऊक नव्हतं. तो नदीवर आंघोळीला गेला होता.

आला तो थेट मंडपात. पंच म्हणजे निजामाच्या कोर्टातले एक म्हातारे मुन्सिफ, काम सोडून बसलेले, शेरवानीतले, स्वभावानं देवमाणूस; पण मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी संगप्पाला पुढं बोलावलं, हसले आणि विचारलं, "क्यों भई संगप्पा, तुम्हारी रजा है?"

आता तुम्हीच सांगा, त्या बिचाऱ्यानं काय समजावं? इतके दिवस जो शब्द तो जपासारखा म्हणत होता तोच साहेबाच्या तोंडी! त्याला वाटलं, साहेबांनाही काळजी, हंगामात कामावरनं पळून तर नाही ना आला. छाती फुगवून म्हणाला, "हाव साहेब! रजा हाय. पूरी रजा हाय. खुशी की रजा हाय!"

"बहुत खूब," पंच म्हणाले आणि माधवरावांकडं वळले. "क्लब को कोई एतराज?"

"जी नहीं," माधवराव म्हणाले.

आपल्याकडं रजा म्हणजे सुट्टी. उर्दूत रजा म्हणजे मर्जी, राजीखुशी. हे जाणणारा आणि संगप्पाची रजा कुठली तेही ठाऊक असलेला त्या मंडपात एकच माणूस होता आणि तो संगप्पाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. एक शब्द बोलायचा होता त्यानं. फक्त म्हणायचं होतं, "साहेब, हा सुट्टीबद्दल बोलतोय." पण नाही. मूग गिळून बसला. अरे, सगळं गाव ज्याच्या तोंडावर विसंबून, त्यानं ऐन वेळेला तोंड मिटून घ्यावं? याला केसानं गळा कापणं म्हणतात.

किशनराव नांदेडचा निळा सदरा घेऊन आला तेव्हा संगप्पा हसला. "ह्यो माझा न्हाई, कप्तान."

"तुझाच. आत्ताच तर राजीखुशी सांगितलीस पंचांना."

"म्या? म्या रजा सांगितली, सुट्टी!"

किशनराव त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. घोळ त्याच्या ध्यानात आला. भला माणूस, त्यानं संगप्पाचा हात धरून त्याला परत पंचांपुढं नेलं आणि सगळं उर्दूत सांगितलं. पंच हळहळले. म्हणाले, तुझ्या क्लबाच्या वकीलसाहेबांसमोर झालं आहे; त्यांनी येऊन गैरसमज झाला एवढं म्हणावं, मी आत्ता रद्द करतो.

संगप्पा पळत मुक्कामावर गेला. माधवराव बाजेवर टेकले होते.

"वकीलसाहेब, चला लौकर. पंच म्हनतेत, तुमी निस्तं येऊन सांगा."

"काय सांगू?"

"म्या सुट्टी म्हनलो म्हून सांगा. तुमाला तर ठावंच हाय. तुमी मोटारीत ऐकलाव न्हवं?"

माधवरावांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं. "भर मंडपात तू तीनदा हो म्हणालास. आता मी पंचांना खोटं पाडू का? आणि मोटारीत कोण काय बडबडतं, ते मी कुठं ऐकत बसू?"

"वकीलसाहेब, माझं तोंड खोटं पडंल वो गंजात!" संगप्पानं हात जोडले.

"बोलताना विचार करावा माणसानं," माधवराव म्हणाले आणि कूस बदलली.

लातूरचा सामना परभणीशी होता. परभणीनं लातूरला धू धू धुतलं. मन्मथनं दोनदा डोळे मिटले आणि एकदा आपल्याच जाळीकडं चेंडू हाणला. सामने चालले ते दोन्ही दिवस संगप्पा बांधावर नांदेडच्या पोरांशेजारी बसून होता. लातूरकडून आता खेळता येत नव्हतं, नांदेडकडून खेळायला त्यानं साफ नकार दिला, आणि किशनरावानंही जबरदस्ती केली नाही. पण लातूरहून गाड्या भरून आलेल्या लोकांना काय दिसलं? आपला क्लब बुडतोय आणि संगप्पा नांदेडच्या पोरांत बसलाय. अण्णांनी घसा खाकरून सांगितलं, "विकला गेला. पंचांसमोर खुशीनं गेला. विचारा वकीलसाहेबांना." लोकांनी विचारलं. वकीलसाहेब उसासा टाकून म्हणाले, "काय बोलावं? माझ्या कानांनी ऐकलं."

खोटं नव्हतं हो ते! अक्षर न् अक्षर खरं. वकिलाचं पाप असंच असतं, त्याला कुठून धरावं कळत नाही.

परतल्यावर पहिल्याच दिवशी मुरूडचा एक शेतकरी तूर घेऊन आला. संगप्पानं माप भरलं, "लाभ" म्हणाला. शेतकऱ्यानं त्याच्याकडं निरखून बघितलं आणि शरणप्पांना म्हणाला, "दुसरा मापाडी द्या, मालक. ह्येचं तोंड फिरतं म्हनं." संगप्पाचा हात मापातच राहिला. बापजाद्यांच्या तीन पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं ते त्यानं ऐकलं. शरणप्पा वाईट नव्हते, पण गिऱ्हाईकापुढं त्यांचं काय चालणार? त्यांनी चुलतभावालाच मापावर कायम केलं आणि संगप्पाला पोती शिवायला बसवलं. विहिरीवर बायका गंगम्माला म्हणायच्या, "नांदेडचं लुगडं दाव की गं, न्हेसून तर ये एकदा." ती घागर भरून खाली मान घालून यायची. घरी आल्यावर मात्र भांडी अशी आदळायची की शेजार जागा व्हावा.

"तुमी जाऊन सांगत का न्हाईत समद्यास्नी?"

"कुनाकुनाला सांगू? वकीलसाहेब बोलल्याबिगर कोन ऐकनार माझं?"

"मंग त्येला बोलाया लावा की."

तो रोज वकिलाच्या दारी जायचा. माधवराव कधी पूजेत असत, कधी कचेरीत, कधी झोपलेले. संगप्पाला दुसरं काही नको होतं. एकदा चारचौघांत त्या माणसानं म्हणावं, याचं तोंड खोटं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी. आणि संन्यासी बिचारा रोज फाशी देणाऱ्याच्याच दारात उभा!

उन्हाळ्याच्या तोंडाशी मात्र चक्र फिरलं. हैदराबादच्या बड्या साहेबांसमोर लातूरलाच सामने भरायचे ठरले. अण्णांचा मोठेपणा पणाला लागला आणि क्लबात धड लाथ मारणारा कुणी उरला नव्हता. आता संगप्पाची आठवण झाली. गंजातल्या पत्र्याच्या छपराखाली सभा बोलावली, अडते जमले, हमाल जमले, मापाडी जमले. संगप्पाला निरोप गेला. तो धुवट धोतर नेसून आला.

अण्णा म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं, संगप्पा. ये परत."

"येतो, अण्णा. पन आधी एक इच्यारायचंय वकीलसाहेबास्नी." तो माधवरावांकडं वळला. "वकीलसाहेब, नांदेडला साहेबानं रजा इच्यारली, ती कंची रजा?"

माधवरावांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी मान डोलावली. आता गरज होती. मग वकीलसाहेब हसले आणि म्हणाले, "अरे, तिथं थोडा शब्दाचा घोळ झाला खरा. पंचांनी मर्जी विचारली आणि हा आपला सुट्टी समजला!"

"तुमाला कवा कळलं? आता कळलं का तवाच कळलं व्हतं?"

"तेव्हाच," माधवराव म्हणाले. कसे म्हणाले? एखादा विनोद सांगावा तसे! "कळणार नाही तर काय?"

आणि सभा हसली. होय, हसली! "सुट्टी समजला!" म्हणून एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. ज्या माणसांनी दोन-तीन महिने संगप्पाला वाळीत टाकल्यागत वागवलं त्यांच्यापैकी एकानंही उठून विचारलं नाही, वकीलसाहेब, तेव्हाच कळलं होतं तर तेव्हाच का बोलला नाहीत? थू त्या हसण्यावर! त्या हसण्यातच अण्णा उठले, संगप्पाच्या खांद्यावर शेला टाकला, हातात नारळ दिला आणि मोठ्यानं म्हणाले, "अडाणी गडी, चुकला. क्लबानं मोठ्या मनानं संगप्पाला माफ केलंय!" टाळ्या पडल्या. संगप्पा भांबावून उभा राहिला. काहीतरी उलटं होतंय हे त्याला कळत होतं, पण कुठं ते हातात येईना. सवयीनं तो अण्णांच्या पाया पडला आणि घरी आला.

गंगम्मा जात्यावर होती. शेला बघून उठली. "बोलला का वकील?"

"बोलला. समद्यांपुढं बोलला. तवाच कळलं व्हतं म्हनला."

"आन् मंग?"

"मंग अण्णानं मला माफ केलं."

"कशाची माफी?"

संगप्पा हातातल्या नारळाची शेंडी चाचपत राहिला.

"म्या इच्यारते, कशाची माफी? कळूनसवरून गप बसला त्यो. गावभर बोंब मारली अण्णानं. माप गेलं तुमचं. आन् माफी तुमाला?" तिनं त्याच्या हातातला नारळ घेतला, खांद्यावरचा शेला ओढला. "चला."

"आगं, कुठं?"

ती चपला न घालताच निघाली. तो मागोमाग. गंजातून, भरल्या बाजारातून ती चालली तसे लोक वाट देत गेले. सभा मोडून माणसं अण्णांच्या अडतीवर चहाला जमली होती. माधवराव तक्क्याला टेकलेले, अण्णा गादीवर. लातूरच्या गंजात बाईमाणूस अडतीची पायरी चढत नसे. गंगम्मा चढली. पदर डोईवर ओढून तिनं शेला आणि नारळ गादीवर, अण्णा आणि वकील या दोघांच्या मधोमध ठेवला.

"हे काय करूलालीस, बाई?" अण्णा दचकून म्हणाले.

"तुमची माफी परत आनलीय," ती म्हणाली. "आमच्या घरात कुनाला लागना. हितंच कुनाला तरी लागंल, ठिवून घ्या."

संगप्पा पायरीखाली उभा होता. सगळा बाजार त्याच्याकडं बघत होता, आणि त्यानं मान खाली घातली नाही. अडतीवर कुणी हसलं नाही. माधवरावांनी कपाकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला.